क्रिप्टो अ‍ॅक्सिलरेटरची क्लॉक-दुरुस्ती

एम्बेडेड प्रोसेसरमध्ये कूटबद्धीकरणासाठी असलेल्या स्वतंत्र हार्डवेअर ब्लॉकला त्याची सर्व क्लॉक (कामाचा ठेका देणारे विद्युत-स्पंद) योग्य स्रोतातून, योग्य वारंवारितेने आणि वेळेवर मिळावीत, यासाठी डिव्हाइस ट्री (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन देणारी फाइल), ड्रायव्हर (ब्लॉक चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नियंत्रणाच्या छोट्या नोंद-जागा) केलेली सुधारणा. एईएस (कूटबद्धीकरण), एसएचए (हॅश) या पद्धतींची आकडेमोड हा ब्लॉक सीपीयूच्या डोक्यावरून काढून घेतो. वीज वाचावी म्हणून चिपमधल्या ब्लॉकची क्लॉक वेगवेगळी बंद ठेवता येतात आणि दोषाचे मूळ बहुधा तिथेच असते.

महाप्याच्या किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बोर्ड तपासणारा अभियंता ‘बोर्ड हँग झाला’ म्हणतो, तेव्हा दोष किमान समोर तरी आलेला असतो. क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचे रजिस्टर वाचायला गेले की काही चिपवर बसच (ब्लॉकना जोडणारा माहितीमार्ग) अडकते. एसटीएम३२एफ४सारख्या मायक्रोकंट्रोलरवर मात्र निमूट शून्य हाती येते.

त्याहून घातक प्रकार लिनक्सवर दिसतो. ड्रायव्हर उभा राहिला नाही, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) तेच काम सॉफ्टवेअरमधल्या एईएसकडून करून घेतो. उत्तर बिट-न्-बिट तेच येते, चाचणी उत्तीर्ण होते आणि अ‍ॅक्सिलरेटर बंद असल्याचा कुणाला पत्ताही लागत नाही. भार सीपीयूवर पडतो. म्हणून निकाल बरोबर आला एवढ्यावर कधीच थांबू नये. प्रॉक-क्रिप्टो (/proc/crypto) फाइलमध्ये ड्रायव्हरचे नाव आणि प्राधान्यक्रम पाहावा: एनएक्सपी या चिप-कंपनीच्या सीएएएम या क्रिप्टो ब्लॉकच्या नोंदींवर ३००० असते, साध्या सी भाषेतल्या एईएसवर १००.

सीएएएमचे उदाहरण बोलके आहे. एनएक्सपीच्याच आय.एमएक्स६ क्वाड या चिपवर त्याला मेम, ए-क्लॉक, आयपीजी आणि ईएमआय-स्लो अशी चार क्लॉक लागतात, ६ अल्ट्रालाइटवर ईएमआय-स्लो नाही, आय.एमएक्स७वर आयपीजी आणि ए-क्लॉक ही दोनच. जुन्या बोर्डाची डिव्हाइस ट्री नव्या चिपसाठी उचलली की नावे जुळत नाहीत. ड्रायव्हरने मागितलेले नाव सापडले नाही, तर बूट लॉगमध्ये उणे २ हा त्रुटी-क्रमांक दिसतो. उणे ५१७ दिसला तर घाबरू नये; क्लॉक पुरवणारा ड्रायव्हर अजून तयार नाही, कर्नल पुन्हा प्रयत्न करणार, एवढाच त्याचा अर्थ.

वारंवारितेचा दोष वेगळा. एसटीएम३२एफ४च्या यादृच्छिक-संख्या जनित्राचे क्लॉक ४८ मेगाहर्ट्झपेक्षा जास्त नसावे. ते एचसीएलकेच्या (चिपच्या मुख्य बस-क्लॉकच्या) सोळाव्या भागाखाली घसरले की स्थिती-रजिस्टरमध्ये क्लॉक-त्रुटीचा बिट उभा राहतो. पीएलएलचे (क्लॉकची वारंवारिता ठरवणाऱ्या परिपथाचे) भाजक बदलताना हे हमखास विसरले जाते.

आणखी एक सापळा बूटलोडरचा. यू-बूटने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने) क्लॉक चालू ठेवलेले असते, त्यामुळे सुरुवातीला सगळे सुरळीत वाटते. बूटच्या शेवटी कर्नल कुणीही न मागितलेली क्लॉक बंद करतो आणि ब्लॉक मरतो. क्लक-इग्नोर-अनयूज्ड (clk_ignore_unused) हा बूट पर्याय देऊन निदान पक्के करता येते, पण तोच पर्याय उत्पादनात ठेवणे ही दुरुस्ती नव्हे. क्लॉकची नोंद डिव्हाइस ट्रीत हवी आणि चालू-बंदच्या हाका (फंक्शन कॉल) ड्रायव्हरमध्ये जोडीने हव्यात, नाहीतर स्लीपमधून उठल्यावर तोच दोष परततो.

डीबगएफएसमधील (कर्नलच्या तपासणीसाठीची फाइल-व्यवस्था) क्लक-समरी (clk_summary) ही फाइल प्रत्येक क्लॉकचा स्रोत, वेग आणि किती जणांनी ते चालू केले हे दाखवते. ही संख्या कर्नलच्या हिशेबातली असते. प्रत्यक्ष गेट (क्लॉक अडवणारा वा सोडणारा स्विच) उघडे आहे का, हे चिपच्या क्लॉक-नियंत्रक रजिस्टरमध्येच पाहावे लागते.