चेक इंजिनच्या दिव्याची कुळकथा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "स्कॅनर लावून बघितला का?" स्टिअरिंगच्या खाली, पेडलच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. स्कॅनर तिथे खोचायचा, कोड वाचायचा आणि मग बोलायचं, ही आता गल्लीतल्या गॅरेजचीही रीत झाली आहे. पण हे सॉकेट मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्माला आलेलं नाही. ते गाडीत आलं हवा तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या आग्रहामुळे. म्हणूनच ब्रेक पॅड घासून पत्र्याला लागले तरी हा दिवा गप्प बसतो आणि अमेरिकेतल्या गाडीत पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी पेटतो.

सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये झाली. जुलै १९४३ मध्ये शहरावर असा धूर दाटला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. युद्धाचे दिवस होते, जपानने विषारी वायू सोडल्याची अफवा पसरली. धुराचं खरं कारण समजायला पुढे काही वर्षं गेली. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तोवर अननसाच्या वासामागची रसायनं शोधत होते. त्यांनी तेच तंत्र शहराच्या हवेला लावलं. न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो आणि या मालाचा मोठा पुरवठादार म्हणजे मोटारी, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. मोटार कंपन्यांनी ते सहजासहजी मानलं नाही. पण १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर मर्यादा घातली, पुढच्या वर्षी कायद्याने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले.

मर्यादा कडक होत गेल्या तसा हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर उघडा पडला. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हे तिन्ही एकदम साफ करू शकतो, पण एका अटीवर: एक किलो पेट्रोलमागे जवळपास १४.७ किलो हवा, त्यात फार इकडेतिकडे नको. जेट आणि फ्लोटवर चालणाऱ्या कार्बोरेटरला घाट, ऊन, थंडी यांत हे प्रमाण सांभाळणं जमणारं नव्हतं. १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसवला. सायलेन्सरच्या पाइपात बसून हा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधली खूण देतो: व्होल्ट चढले तर पेट्रोल जास्त, उतरले तर कमी. ही खूण वाचून दर क्षणाला पेट्रोलची मात्रा बदलायला माणूस पुरणार नव्हता, संगणक हवा होता. गाडीत संगणक शिरला तो असा, धुराच्या वाटेने. एकदा शिरल्यावर त्याला आणखी एक काम सांगणं सोपं होतं: कुठला सेन्सर भलतंसलतं सांगतोय ते लक्षात ठेव.

जनरल मोटर्सने १९८१ पासून अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल मोटारींत अशी व्यवस्था सरसकट आणली. त्या काळी स्कॅनरही लागत नसे. डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या 'ए' आणि 'बी' या दोन टोकांत कागदाला लावायची साधी क्लिप अडकवायची, चावी फिरवायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा लुकलुक, थोडा दम, मग दोनदा लुकलुक म्हणजे कोड १२: यंत्रणा जागी आहे. त्यामागून साठवलेले कोड येत.

पण हवा मंडळाची अडचण वेगळी होती. नवी गाडी कारखान्यातून चाचणी पास होऊन निघायची. चार-पाच वर्षांनी तिचा सेन्सर मरायचा किंवा कन्व्हर्टर निकामी व्हायचा आणि मालकाला पत्ताही लागायचा नाही, कारण गाडी तर व्यवस्थित पळत असायची. धूर वाढलाय हे गाडीनेच सांगावं, ही कल्पना यातून आली. कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये नियम केला, तो १९८८च्या मॉडेलपासून लागू झाला. त्याला पुढे 'ओबीडी-एक' म्हणू लागले (ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, गाडीने स्वतःच केलेली स्वतःची तपासणी). त्यात सॉकेट प्रत्येक कंपनीचं वेगळं, कोडचे आकडे वेगळे आणि ते वाचायचं यंत्रही वेगळं. गॅरेजवाल्याने किती यंत्रं विकत घ्यायची? शेवटी 'ओबीडी-दोन' आलं आणि १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या मोटारींना सक्तीचं झालं. सोळा पिनांचं सॉकेट, तेही चालकाच्या हाताच्या टप्प्यात, आणि कोडची भाषा सगळ्यांना एकच. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग (पेट्रोल नीट न पेटणं), मग गाडी डेट्रॉइटची असो की जपानची. युरोपने २००१ मध्ये पेट्रोल गाड्यांसाठी हेच स्वीकारलं. त्याआधी १९९० मध्येच अमेरिकेने स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही द्यायची, असं कंपन्यांना बजावलं होतं. गाडी अधिकृत सेंटरलाच दुरुस्त होणार असेल तर ती वेळेवर दुरुस्त होणार नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं.

आपल्याकडे त्या वेळी काय चाललं होतं? रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ती बंद पडली की प्लग काढून बॉडीला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि ठिणगी निळी येते की पिवळट ते बघायचं. करंट नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट घासायचे. करंट असेल तर कार्बोरेटर खोलून जेट फुंकायचा. मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून टॅपेटचा अंदाज बांधायचा आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तीही कार्बोरेटरचीच होती. त्यामुळे हे शहाणपण तिच्यावरही चाललं.

बदल आला तो इथेही धुरामुळेच. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, कारण तिथे शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं होतं. शिशाने कन्व्हर्टर मरतो. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो-एक आणि युरो-दोन या धुराच्या मर्यादांच्या तारखाच ठरवून दिल्या. २००१च्या सुरुवातीला मुंबईतही युरो-दोनसारखंच भारत स्टेज-दोन लागू झालं. या दोन-तीन वर्षांत कार्बोरेटर नव्या मोटारींतून जवळपास हद्दपार झाला आणि गाडीच्या डिकीवर 'एमपीएफआय' (संगणकाच्या हुकमाने प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी पद्धत) ही अक्षरं मिरवू लागली. पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं. (टॅक्सी म्हणून ती मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत राहिली.) रस्त्याकडेच्या मिस्त्रीचं खरं नुकसान इथे झालं, असं मला वाटतं. त्याचा हात आणि कान तेवढेच तयार होते. पण बॉनेटखालच्या काळ्या डब्यात काय चाललंय हे सांगणारं यंत्र फक्त अधिकृत सेंटरकडे होतं.

एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-चारच्या गाड्यांना ओबीडी-एक लागू झालं आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-दोन. नावं सारखी असली तरी आपलं 'एक' आणि कॅलिफोर्नियाचं 'एक' या वेगळ्या गोष्टी. आपल्या पहिल्या टप्प्यात मुख्य भर सेन्सरचं सर्किट तुटलंय का, शॉर्ट झालंय का यावर होता. मिसिंग होतंय का, कन्व्हर्टर थकलाय का, हे बघणं दुसऱ्या टप्प्यात आलं. जुनी गाडी घेताना हा फरक कामाला येतो: २०११ची गाडी कन्व्हर्टरबद्दल काही बोलत नसेल तर तो ठणठणीत आहे असं समजू नये.

यंत्र आणि माहिती कोणाच्या हातात, हा वाद मात्र आपल्याकडे हवेच्या नव्हे तर बाजाराच्या कायद्याखाली लढला गेला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि दोन्ही गोष्टी खुल्या बाजारात द्यायला सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. तोवर बाजाराने आपली वाट शोधली होती. कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने बनवलेल्या ईएलएम३२७ या कोड वाचणाऱ्या चिपच्या पहिल्या आवृत्तीवर नकलेपासून संरक्षण नव्हतं. तिच्या चिनी नकला निघाल्या आणि काही शे रुपयांत सॉकेटमध्ये खोचायचा ब्लूटूथचा डोंगल मिळू लागला. त्यातल्या बहुतेकांवर 'आवृत्ती १.५' असं लिहिलेलं असतं. मूळ कंपनीने त्या आकड्याची आवृत्ती कधी काढलीच नाही.

स्कॅनर स्वस्त झाला आणि नवा घोळ सुरू झाला. कोडमध्ये ज्या भागाचं नाव तो भाग बदलायचा, अशी सवय लागली. कोड म्हणजे पोलिस ठाण्यातली पहिली खबर, तपास अजून व्हायचाय. पी०१७१ घ्या. अर्थ इतकाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे कळलं ऑक्सिजन सेन्सरमुळे, म्हणून बिचारा सेन्सरच बदलला जातो, काही हजारांना. खरं तर आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघावी, म्हणजे संगणक ठरल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, हा आकडा अधिक २२ आणि रेस २,५०० आरपीएमवर नेली की अधिक ४ वर उतरला, तर इन्टेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेत, कुठेतरी हवा चोरून शिरतेय. आयडलला इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यामुळे चिरलेल्या रबरी नळीतून शिरणारी चिमूटभर हवाही त्यात मोठी ठरते. रेस वाढली की तीच नगण्य होते. उलट आयडलला आकडा बरा आणि चढावर वाढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर बघावा. एक सावधगिरी: हा हिशेब हवा थेट मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या इन्टेकमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात. तिथे गळती ट्रिमपेक्षा चढलेल्या आयडलमध्ये आधी दिसते.

दिवा नुसता पेटलेला आणि दिवा लुकलुकतोय, यातही फरक आहे. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं की न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत (एक फेरी म्हणजे गाडी सुरू करून, चालवून बंद करणं) दिसल्याशिवाय दिवा लागत नाही आणि तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की आपोआप विझतो, पण कोड मेमरीत राहतो. सेकंड हॅंड गाडी विकणारा कोड पुसून आणतो तेव्हा संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही 'अपूर्ण' दाखवू लागतात. स्कॅनरवर कोड शून्य आणि तपासण्या अपूर्ण असं दिसलं तर विक्रेत्याला विचारायला हवं, काल काय पुसलंत?

विजेच्या तक्रारींना वेगळा इतिहास आहे. एकेका दिव्याला, मोटरला स्वतंत्र वायर नेत गेलं तर वायरिंगचा गठ्ठा मावेना, म्हणून बॉशने १९८६ मध्ये कॅन ही पद्धत मांडली: पीळ घातलेल्या दोन वायरी आणि सगळे संगणक त्यावर आळीपाळीने बोलणार. १९९०च्या दशकात ती महागड्या मर्सिडीजमध्ये आली, आज साध्या हॅचबॅकमध्ये आहे. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मल्टिमीटर लावला तर, मध्ये गेटवे (सॉकेट आणि बाकीच्या वायरींच्या मधला संगणक) नसलेल्या गाडीत, साठच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय. पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्ये हे काम बहुधा उंदरांचं असतं. आणि एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग असे चार दिवे एकदम लागले तर चार गोष्टी बिघडल्या असं क्वचितच असतं. आधी बॅटरी बघावी: विश्रांतीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. दीड-दोन व्होल्ट दिसले तर अर्थची पट्टी गंजलीय. कोकणातल्या पावसाळ्यानंतर हे फार दिसतं आणि दुरुस्ती सँडपेपर नि पान्यात होते.

गंमत अशी की ज्या कामासाठी हे सॉकेट आलं ते काम आपण त्याच्याकडून घेतच नाही. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची धूर तपासणी सॉकेटला वायर जोडून होते. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. आपल्याकडे पीयूसीला अजून सायलेन्सरमध्ये नळी घालतात, सॉकेटला कोणी हात लावत नाही.

विजेवरच्या गाडीत धूरच नाही, म्हणजे या सगळ्या नियमांचं मूळ कारणच उरत नाही. तिच्यात सॉकेट असलं तरी आतली भाषा कंपनी ठरवेल तशी. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये नियम मंजूर करून २०२६च्या मॉडेलपासून विजेच्या मोटारींनाही ठरावीक पद्धतीची माहिती द्यायला लावली, त्यात बॅटरीची तब्येत चालकाला दिसणंही आलं. २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने त्या नियमांची परवानगीच रद्द केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं आणि त्यात मोटारीही धरल्या. कंपन्यांकडून तिथे सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीची माहिती मिळते. कोडची फोड अजून गॅरेजवाल्याला स्वतःच शोधावी लागते.