हवेतले विष टिपणारी फोमची चकती

डीडीटी हे कीटकनाशक फवारले तिथेच राहत नाही. उन्हाने त्याची वाफ होते, ती वाऱ्याबरोबर सरकते आणि थंड प्रदेशात पुन्हा जमिनीवर उतरते. अशा मुक्कामांनी ते आर्क्टिकपर्यंत गेले आहे. डीडीटी, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आणि रंगांत वापरलेली रसायने) अशा १२ चिवट रसायनांना आवर घालणारा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि २००४ पासून लागू झाला. पुढे यादी वाढत गेली. ही रसायने खरोखर घटताहेत का, हे तपासण्याची सोयही त्याच करारात आहे. त्यासाठी मुख्यतः हवा आणि आईचे दूध किंवा रक्त तपासतात.

हवेसाठीचे साधन फारच साधे आहे. पॉलीयुरेथेन फोमची १४ सेंटिमीटर व्यासाची चकती, आणि तिला ऊन-पावसापासून जपणारे स्टीलचे दोन वाडगे. पंप नाही, वीज नाही. वाडग्यांमधल्या फटीतून हवा आत शिरते आणि रसायने फोमला धरून राहतात. दिवसाला सुमारे ४ घनमीटर या हिशेबाने तीन महिन्यांत साडेतीनशे घनमीटरच्या आसपास हवेतला माल चकतीत जमतो. मग तो द्रावकाने काढून मोजायचा.

घोटाळा होतो तो हाताळताना. चकती आधी द्रावकाने धुऊन, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत न्यावी लागते. उघड्या हाताने धरली किंवा पीसीबी असलेल्या जुन्या रंगाच्या भिंतीलगत टांगली, की आकडा फुगतो. सोसाट्याचा वारा असेल तर ठरलेल्या हिशेबापेक्षा जास्त हवा चकतीला भिडते. हाताळणीतला दोष ओळखण्यासाठी एक कोरी चकतीही सोबत नेतात, जागेवर क्षणभर उघडतात आणि लगेच बंद करतात. तिच्यात जे सापडेल ते हवेतले नव्हे, हाताळणीतले. आमच्या मते कोऱ्या चकतीशिवाय आलेल्या आकड्यावर विसंबूच नये.

दुधाचे नियम याहून काटेकोर आहेत. देशातून किमान ५० माता, प्रत्येकीचे ५० मिलिलिटर दूध, बाळ ३ ते ८ आठवड्यांचे. आई पहिलटकरीणच हवी, कारण स्तनपानातून तिच्या चरबीतला या रसायनांचा साठा उतरत जातो. दुसऱ्या खेपेच्या आया मिसळल्या तर प्रदूषण घटल्याचा खोटाच भास होईल. या तपासणीचा अर्थ बाळाला दूध पाजू नये असा मुळीच नाही. आईचे दूधच बाळासाठी उत्तम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत कायम आहे. सगळ्यांचे दूध सारख्या प्रमाणात एकत्र करून त्या मिश्रणात पीसीबी आणि डायॉक्सिन (कचरा वगैरे जळताना तयार होणारी विषारी रसायने) मोजतात. वेगवेगळ्या देशांची अशी मिश्रणे जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या एकाच प्रयोगशाळेत तपासली गेली, त्यामुळे आकड्यांतला फरक यंत्रांचा की देशांचा, हा वाद उरला नाही.