युवा कार्य प्रशिक्षण योजना: पात्र उमेदवारांचेही अर्ज कुठे अडतात

कंपन्या, कार्यालये अशा आस्थापनांत काम शिकताना विद्यावेतन देणाऱ्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या पात्रतेत अवघड काही नाही. उमेदवार महाराष्ट्राचा अधिवासी, 18 ते 35 वयाचा आणि किमान बारावी उत्तीर्ण असावा. बारावी झालेल्यांना दरमहा 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000, तर पदवीधर व पदव्युत्तरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले आहे. 2024 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा प्रशिक्षण सहा महिन्यांचे होते, 2025 मध्ये ते अकरा महिन्यांचे झाले. शिक्षण चालू असलेल्यांना लाभ मिळत नाही, त्यामुळे पदविकेनंतर अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्यांनी पदविकेच्या जोरावर अर्ज करू नये.

रोजगार महास्वयम संकेतस्थळावर नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला, अशी समजूत करून घेऊन बरेच जण निरोपाची वाट पाहत बसतात. नोंदणीनंतर आस्थापनांनी जाहीर केलेल्या जागा पाहून त्यांवर स्वतंत्रपणे अर्ज करावा लागतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात तोंडी होकार मिळाला, तरी ती आस्थापना योजनेत नोंदलेली नसेल तर विद्यावेतन मिळणार नाही.

सर्वाधिक घोळ अधिवास प्रमाणपत्रापाशी होतो. तलाठ्याचा रहिवासी दाखला म्हणजे अधिवास प्रमाणपत्र नव्हे; वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळते व त्यासाठी राज्यातील अनेक वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. कागल तालुक्यातील एखादा मुलगा आजोळी निपाणीला राहून शिकलेला असतो, त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कर्नाटकातील शाळेचे नाव असते आणि तेवढ्यावरच त्याचे प्रकरण त्रुटीत पडते. अशांनी आईवडिलांचे जुने रेशनकार्ड, सातबारा किंवा वीजबिल पहिल्याच खेपेस जोडावे, कारण कोणता पुरावा चालेल हे खिडकीवर आपण होऊन कोणी सांगत नाही. जूनमध्ये प्रवेशांमुळे सेतू केंद्रांत गर्दी उसळते, त्याआधीच हा कागद हातात असलेला बरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या आधारकार्डावर सासरचे आणि गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असते. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल सोबत ठेवावा.

विद्यावेतन थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. अर्जात लिहिलेल्या खात्यातच ते येईल असे नाही, हे पासबुक पुन्हा पुन्हा छापून घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. बँकेत आधारची झेरॉक्स देणे वेगळे आणि सरकारी रकमेसाठी आधार त्या खात्याशी संलग्न होणे वेगळे; शिवाय अशी संलग्नता एका वेळी एकाच बँकेशी असते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या विसरलेल्या खात्यात पैसे जमा होत राहिल्याचे प्रकार घडतात. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक संलग्नतेची स्थिती उघडली की बँकेचे नाव आणि जोडणी सक्रिय आहे की नाही ते दिसते. तिथे भलतीच बँक दिसली, तर रुजू होण्यापूर्वी आपल्या शाखेत आधार संलग्नतेचा फॉर्म भरून द्यावा व पोच घ्यावी.

रुजू झाल्यावर दरमहा हजेरी ऑनलाइन भरणे आस्थापनेकडे असते आणि विद्यावेतन त्या हजेरीवरूनच निघते. ती भरण्याचे काम कोणाकडे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे आणि महिनाअखेरीस त्यांना आठवण करण्यात संकोच बाळगू नये.