जान मारिया वोलोन्ते

जान मारिया वोलोन्ते (९ एप्रिल १९३३, मिलान – ६ डिसेंबर १९९४, फ्लोरिना, ग्रीस) हा इटलीचा सिनेमा, नाटक आणि टीव्हीवरचा नट. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी त्याला पाहिलेलं असतं पण नाव माहीत नसतं, कारण सर्जिओ लिओनेच्या पहिल्या दोन वेस्टर्नमध्ये क्लिंट ईस्टवुडसमोर जो घामेजलेला, तांबारलेल्या डोळ्यांचा व्हिलन आहे तो हाच, आणि ईस्टवुडच्या टोपीपुढे आणि चिरूटपुढे त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ असतो. इटलीत मात्र तो वेगळ्याच कारणासाठी मोठा मानला जातो. पोलीस अधिकारी, कारखान्यातला कामगार, तेल कंपनीचा सर्वेसर्वा, माफिया डॉन, देहदंड झालेला अराजकवादी, पंतप्रधान, न्यायाधीश असे सगळे रोल त्यानं केले. यादी नीट बघितली तर लक्षात येतं की सत्तेच्या खुर्चीभोवती माणूस जिथे जिथे उभा राहू शकतो, त्या प्रत्येक जागी हा एकदा तरी उभा राहून आलाय.

त्याचं लहानपण तोरिनोत गेलं. वडील मुसोलिनीच्या बाजूचे, युद्धाच्या शेवटी ब्लॅक ब्रिगेड या फॅसिस्ट निमलष्करी दलात अधिकारी होते आणि युद्धानंतर तुरुंगात गेले. घरची परिस्थिती बिघडली, पोरानं चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे फिरत्या नाटक कंपनीत शिरला. अशा बापाचा मुलगा पुढे कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला, यावर मानसशास्त्राचे बरेच तारे तोडता येतील पण ते राहू देत. रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीतून तो १९५७ मध्ये बाहेर पडला आणि १९५९ मध्ये टीव्हीवर दोस्तोयेव्स्कीच्या ‘इडियट’मध्ये रोगोझिन केला, तेव्हा लोकांनी पहिल्यांदा नीट दखल घेतली. १९६२ मध्ये ताव्हियानी बंधू आणि व्हालेन्तिनो ओर्सिनी यांच्या पहिल्या फीचर फिल्ममध्ये तो सिसिलीतल्या, माफियाशी पंगा घेणाऱ्या शेतमजूर पुढाऱ्याचा रोल करत होता. म्हणजे वेस्टर्न करून पैसे कमावले आणि मग राजकीय झाला असं जे म्हटलं जातं ते उलटं आहे, राजकीय तो आधीपासूनच होता.

वेस्टर्न आले ते १९६४ मध्ये. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ कमी पैशात स्पेनमध्ये शूट झालेला, आणि इटालियन वेस्टर्न कोण बघणार या भीतीनं सगळ्यांनी अमेरिकन नावं लावून घेतलेली. लिओने झाला बॉब रॉबर्टसन, एन्निओ मोरिकोने झाला डॅन साव्हिओ आणि वोलोन्ते झाला जॉन वेल्स. त्याचा रामोन रोहो रायफलनं थेट काळजावर नेम धरतो आणि शेवटी याच सवयीपायी मरतो, कारण समोरच्यानं पोंचोखाली लोखंडी पत्रा बांधलेला असतो. पुढच्या वर्षी ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मधला एल इंडिओ तर त्याहून भारी. गांजा ओढणारा, बंद पडेपर्यंत वाजणाऱ्या खिशातल्या घड्याळाच्या सुरांवर माणसं मारणारा, आणि एका मोडक्या चर्चमध्ये प्रवचनाच्या जागी चढून टोळीतल्या दरोडेखोरांना सुताराची गोष्ट सांगणारा. तो सीन एकदा फक्त वोलोन्तेकडे बघत बघा. माणूस थिएटरचा आहे हे कळतंच, जरा जास्तच कळतं म्हणा, पण लिओनेच्या त्या कोरड्या, गप्प गप्प जगात हा एकटाच इतका उकळतोय की त्याच्यामुळे ईस्टवुडची शांतता उठून दिसते. आपल्याकडे ‘शोले’तल्या गब्बरचा विषय निघाला की इंडिओचं नाव काढणारे असतातच.

त्यानंतर त्यानं वेस्टर्नच आतून फिरवले. दामियानो दामियानीच्या ‘किएन साबे’मध्ये तो मेक्सिकन क्रांतीतला एल चुंचो, आधी बंदुका विकून पैसे करणारा आणि हळूहळू आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे उमगत जाणारा. सोल्लिमाच्या ‘फेस टू फेस’मध्ये तर उलटा प्रवास, एक आजारी, सज्जन इतिहासाचा प्राध्यापक दरोडेखोरांच्या संगतीत येतो आणि बघता बघता त्यांच्यापेक्षा क्रूर होऊन बसतो. मधेच मोनिचेल्लीची ‘ब्रांकालेओनेची फौज’ ही मध्ययुगीन कॉमेडी पण करून झाली, त्यात व्हित्तोरिओ गासमनसोबत बायझंटाइन खानदानातल्या वाया गेलेल्या पोराचा रोल. कॉमेडी त्याला छान जमायची, फार केली नाही ही आपली हळहळ.

खरं पर्व सुरू झालं दिग्दर्शक एलिओ पेत्रीबरोबर. १९६७ ते १९७६ या काळात दोघांनी मिळून चार पिक्चर केले आणि त्यातला १९७० चा ‘इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन’ आजही बघताना अंगावर येतो. रोमच्या खून तपास विभागाचा प्रमुख, ज्याला पिक्चरभर नावच नाही, बढती मिळायच्या दिवशी आपल्या प्रेयसीचा खून करतो आणि मुद्दाम पुरावे सोडून जातो, बुटाचे ठसे, बोटांचे ठसे, टायचा धागा, सगळं. का, तर हे बघायला की माझ्या हुद्द्याच्या माणसावर कोणी संशय घेतं का. कोणीच घेत नाही. वोलोन्तेनं हा माणूस दक्षिणेच्या हेलात बोलणारा, तेल लावून केस चापून बसवलेला आणि हाताखालच्यांपुढे दडपशाही म्हणजेच सभ्यता असं भाषण ठोकणारा केलाय, आणि तोच माणूस प्रेयसीसमोर शाळकरी पोरासारखा हिरमुसतो. हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच सीनमध्ये. पिक्चर थिएटरात लागला फेब्रुवारी १९७० मध्ये, म्हणजे मिलानच्या पियात्सा फोन्ताना बाँबस्फोटाला (१२ डिसेंबर १९६९) आणि त्या प्रकरणात पकडलेला अराजकवादी जुझेप्पे पिनेल्ली पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला त्याला दोन-तीन महिने झाले होते. शूटिंग त्याआधीच उरकलेलं, पण लोकांनी तो काय म्हणून पाहिला असेल हे वेगळं सांगायला नको. पिक्चरला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

लगेच पुढच्या वर्षी त्याच दिग्दर्शकाकडे तो एकदम दुसऱ्या टोकाला गेला. ‘वर्किंग क्लास गोज टू हेवन’मधला लुलू मास्सा हा पीस रेटवर (जितके नग तितके पैसे) काम करणारा, कारखान्यात सगळ्यात फास्ट, म्हणून साहेबांचा लाडका आणि बाकीच्या कामगारांचा नावडता. मशिनमध्ये बोट जातं आणि मग डोकं ठिकाणावर येतं, का बिघडतं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. युनियनवाले, कॉलेजचे क्रांतिकारक विद्यार्थी आणि मालक, सगळेच त्याला आपापल्या कामापुरता वापरतात, त्यामुळे हा पिक्चर डाव्यांनाही टोचला. १९७२ च्या कान महोत्सवात सर्वोच्च बक्षीस दोन पिक्चरना विभागून गेलं, एक हा आणि दुसरा फ्रांचेस्को रोझीचा ‘द मत्तेई अफेअर’, आणि दोन्हीत मुख्य रोल वोलोन्तेचा. एकीकडे घामानं निथळणारा कामगार, दुसरीकडे सरकारी तेल कंपनी एनीचा प्रमुख एन्रिको मत्तेई, जो बड्या परदेशी तेल कंपन्यांना नडला आणि २७ ऑक्टोबर १९६२ ला विमान कोसळून मेला. हे प्रकरण किती जिवंत होतं बघा, रोझीनं मत्तेईच्या सिसिलीतल्या शेवटच्या दिवसांची माहिती काढायला ज्याला सांगितलं तो पत्रकार माउरो दे माउरो सप्टेंबर १९७० मध्ये पालेर्मोतून गायब झाला तो कायमचाच.

त्याच दोन-तीन वर्षांत मेल्व्हिलच्या ‘ल सर्क्ल रूज’मध्ये तो ट्रेनमधून पळालेला कैदी आहे, ॲलन डेलॉनच्या गाडीच्या डिकीत लपणारा (दिग्दर्शकाशी त्याचं अजिबात पटलं नाही, पण पडद्यावर ते कळत नाही), मोन्ताल्दोच्या ‘साक्को अँड व्हान्झेत्ती’मध्ये १९२७ साली अमेरिकेत विजेच्या खुर्चीवर गेलेला अराजकवादी व्हान्झेत्ती आहे, नंतर १९७३ मध्ये, १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलेला तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रुनो आणि त्याच वर्षी माफिया डॉन लकी लुसियानो पण. एवढ्या वेगानं इतकी वेगवेगळी माणसं करायची त्याची पद्धत मात्र संथ होती. संवाद तो स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून काढायचा, आणि माणसाची चाल, हेल, हाताच्या सवयी यावर तासन्‌तास घालवायचा. आवाजाबद्दल तर तो फारच आग्रही. इटलीत तेव्हा नटाला दुसऱ्याचा आवाज लावणं सर्रास चालायचं, त्याविरुद्ध चेहरा ज्याचा आवाज त्याचाच या मागणीसाठी नटांनी जे आंदोलन केलं त्यात तो पुढे होता. वेस्टर्नमध्ये ज्याला उसनं नाव लावावं लागलं त्याला हे खुपणारच.

आता इटलीचा पंतप्रधान राहिलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पुढारी आल्दो मोरो, त्याच्याबद्दल, कारण असं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. १९७६ मध्ये पेत्रीनं लिओनार्दो शाशाच्या कादंबरीवर ‘तोदो मोदो’ केला. सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे लोक आत्मशुद्धीच्या नावाखाली जमिनीखालच्या एका मठवजा हॉटेलात जमतात आणि एकेक करून मारले जातात. वोलोन्ते त्यात ‘अध्यक्ष’, नाव नाही घेतलं तरी सरळसरळ मोरो, तोच वाकलेला, थकलेला, गोडगोड पुटपुटणारा. नक्कल इतकी हुबेहूब झाली की पहिल्या दोन दिवसांचं शूटिंग टाकून द्यावं लागलं असं पेत्रीनं पुढे सांगितलं. शेवटी या अध्यक्षाला गोळी घातली जाते. दोन वर्षांनी, १६ मार्च १९७८ ला, रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या दहशतवादी संघटनेनं खऱ्या मोरोला पळवलं आणि ५५ दिवसांनी रोममध्ये एका लाल रेनॉ गाडीच्या डिकीत त्याचा मृतदेह सापडला. त्यानंतर ‘तोदो मोदो’ बरीच वर्षं जवळपास दिसेनासाच झाला. आणि १९८६ मध्ये वोलोन्तेनं फेर्राराच्या ‘द मोरो अफेअर’मध्ये परत मोरोच केला, या वेळी कैदेतला, पत्रं लिहिणारा, आपलेच लोक आपल्याला सोडवणार नाहीत हे समजत गेलेला. तोच बाक, तेच जड डोळे, पण आधी ज्यावर हसू यायचं त्यावर आता गळा दाटतो. बर्लिनला त्याला सर्वोत्तम अभिनेत्याचं सिल्व्हर बेअर मिळालं. दोन मोरो लागोपाठ बघायला मिळाले तर जरूर बघा, अभिनयाच्या कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकवतात.

पक्षाच्या बाजूनं बघितलं तर १९७५ मध्ये तो लात्सिओ प्रांताच्या कौन्सिलवर कम्युनिस्टांकडून निवडून आला आणि थोड्याच काळात राजीनामा देऊन मोकळा झाला. मीटिंगा त्याच्या प्रकृतीला मानवणाऱ्या नव्हत्या. त्याआधी १९६५ मध्ये युद्धकाळात ज्यूंच्या हत्याकांडावर पोप गप्प का राहिले हे विचारणारं ‘द डेप्युटी’ हे होखहुटचं नाटक त्यानं रोममध्ये लावलं होतं, ते पोलिसांनी बंद पाडलं.

नंतर तब्येत ढासळली, फुप्फुसाचं ऑपरेशन झालं, आणि अभिनय शांत होत गेला. खरं तर १९७९ च्या ‘ख्राइस्ट स्टॉप्ड ॲट एबोली’पासूनच. त्यात तो मुसोलिनीनं दक्षिणेतल्या खेड्यात हद्दपार केलेला डॉक्टर-चित्रकार कार्लो लेव्ही आहे आणि बहुतेक वेळ नुसता बघतो, ऐकतो. इंडिओ करणारा माणूस हाच, यावर विश्वास बसत नाही. गोरेत्ताच्या ‘द डेथ ऑफ मारिओ रिची’साठी १९८३ मध्ये कानला सर्वोत्तम अभिनेता ठरला. ‘ओपन डोअर्स’मध्ये (१९९०) फॅसिस्ट काळातल्या पालेर्मोत देहदंड द्यायला नकार देणारा न्यायाधीश. १९९१ च्या ‘अ सिंपल स्टोरी’मध्ये म्हातारा शिक्षक, ज्याला सरकारी वकील झालेला जुना विद्यार्थी हसत हसत विचारतो की तुम्ही मला इटालियनमध्ये कायम कमी मार्क का द्यायचात, आणि हा थंडपणे सुनावतो की भाषा म्हणजे विचार करणं, भाषा आणखी कच्ची असती तर तू याहून वर पोचला असतास. हे दोन्ही शाशाच्याच पुस्तकांवरचे, त्याआधीचे दोन धरले तर वोलोन्तेच्या वाट्याला चार शाशा आले. त्याच वर्षी व्हेनिसनं त्याला कारकिर्दीसाठी गोल्डन लायन दिला.

१९९४ च्या डिसेंबरमध्ये ग्रीसमधल्या फ्लोरिना गावी थिओ अँजेलोपोलोसच्या ‘युलिसिस गेझ’चं शूटिंग चालू असताना हार्ट अटॅकनं तो गेला. त्याचा रोल मग स्वीडनच्या एर्लांड योसेफसननं केला आणि पिक्चर वोलोन्तेला अर्पण केला गेला. समुद्र आणि शिडाची होडी हे त्याचं जुनं वेड, त्यामुळे दफन सार्डिनियाजवळच्या ला माद्दालेना बेटावर झालंय. रोममध्ये त्याच्या नावाची एक सरकारी फिल्म स्कूल आहे.