जेलवर दिसतं ते वजन, नाव नव्हे

प्रथिनांवर काम करणारी प्रयोगशाळा आधी नाकाला कळते. सडक्या अंड्यासारखा तो वास मर्कॅप्टोइथेनॉलचा. प्रथिनांच्या साखळ्यांना सांधणारे गंधकाचे टाके उसवणं हे त्याचं काम. जोडीला असतं एसडीएस, म्हणजे शांपूला फेस आणणाऱ्यांपैकीच एक रसायन. दोन्ही घालून नमुना ९५ अंशांवर पाचेक मिनिटं तापवला, की घड्या घालून बसलेलं प्रथिन सुतासारखं सरळ येतं आणि अंगभर ऋण विद्युतभार लेवून घेतं.

मग नमुना जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पातळ पापुद्र्याच्या, खाचांत सोडायचा. इथे नवख्याचा हात हमखास थरथरतो आणि निळा थेंब शेजारच्या खाचेत जातो. वीज सुरू केली, की जेलच्या जाळीतून लहान प्रथिनं पुढे सटकतात, मोठी मागे रेंगाळतात. १९७० साली शास्त्रज्ञ लेमली यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही रोज वापरली जाते. शेवटी जेल कुमासी रंगात बुडवायचं. हा मुळात लोकर रंगवायचा रंग; नाव घानातल्या कुमासी शहराचं.

दूध असं चालवलं तर केसिन या त्यातल्या प्रथिनाचे जाडजूड पट्टे लगेच उठून दिसतात. पण पट्टा सांगतो फक्त वजन, तेही अंदाजे. सारख्या वजनाची दोन प्रथिनं एकाच जागी बसतात. हवं त्या उंचीवर पट्टा दिसला म्हणजे ते आपलंच प्रथिन, ही समजूत भल्याभल्यांना भोवते.

खात्रीसाठी पट्टे जेलवरून एका पडद्यावर उतरवतात आणि नेमक्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं त्यावर सोडतात. ती भलतीकडे चिकटू नयेत म्हणून पडदा आधी चक्क दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवतात. हा वेस्टर्न ब्लॉट. डीएनएच्या अशाच पद्धतीला एडविन सदर्न यांचं आडनाव मिळालं होतं, त्यावर कोटी करून हे नाव पडलं. मात्र यात ‘तू अमुकच ना?’ एवढंच विचारता येतं. ‘तू कोण?’ हे विचारायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन करणारं यंत्र, लागतं.

पट्टा कापून घ्यायचा, ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने प्रथिनाचे तुकडे करायचे, तुकड्यांची अचूक वजनं घ्यायची आणि माहीत असलेल्या प्रथिनांशी ताडून पाहायची. अडचण एकच होती: यंत्रात वजन घ्यायला असे अवजड रेणू न मोडता हवेत उडवायचे कसे? जपानच्या शिमाद्झू कंपनीतले अभियंते कोइची तानाका यांच्या हातून १९८५ मध्ये नमुन्यात मिसळायच्या धातूच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरलं, आणि लेझरच्या माऱ्यातही रेणू शाबूत राहिला. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डॉक्टरेट मात्र नव्हती.

एवढं महागडं यंत्र. पण हातमोजे नीट घातले नसतील तर त्याच्या यादीत वरच्या क्रमांकावर झळकतं केराटिन: जेल कापणाऱ्याच्याच त्वचेचं, केसांचं प्रथिन.