जयपूर फूट

पाय कापावा लागलेल्या व्यक्तींसाठी जयपूर येथे विकसित झालेले रबरी कृत्रिम पाऊल. व्यवहारात त्याला जोडलेल्या संपूर्ण कृत्रिम पायालाही हेच नाव रूढ झाले आहे. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात ते घडवले. शर्मा यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. तरीही या कामातील त्यांचा वाटा सेठींच्या बरोबरीचा मानावा लागतो.

त्याआधी बसवले जाणारे पाश्चात्त्य धाटणीचे ‘सॅच’ पाऊल घोट्यात ताठ असे आणि बुटातच वापरावे लागे. खुर्चीवर बसणाऱ्या, सपाट रस्त्याने चालणाऱ्या माणसाचे त्यावर भागे; पण बांधावरून अनवाणी जाणाऱ्या, उकिडवे बसून काम करणाऱ्या, जेवताना मांडी घालणाऱ्या आणि देवळाच्या दारात पादत्राणे काढणाऱ्या माणसाची त्याने पंचाईतच होई. त्यामुळे कित्येक जण बसवलेला पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्या घेत.

जयपूर फूटमध्ये टाचेला व चवड्याला सच्छिद्र रबराचे आणि घोट्याला लाकडाचे ठोकळे असतात. त्यांवर टायरमध्ये वापरतात तसे दोरायुक्त रबर आणि त्वचेच्या रंगाचे रबर गुंडाळून साच्यात उष्णतेने एकजीव केले जाते. हे पाऊल सर्व बाजूंना थोडे वळते, खडबडीत जमिनीशी जुळवून घेते आणि चिखलपाण्यात चालते. वरची नळी पूर्वी ॲल्युमिनिअमची असे. पुढे पाण्याच्या पाइपसाठी वापरले जाणारे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन आले. उरलेल्या पायाच्या प्लास्टर प्रतिकृतीवर तापवलेला पाइप ओढून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, तयार करतात.

देवेंद्र राज मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय मोफत बसवून त्यांचा मोठा प्रसार केला. सेठी यांना १९८१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी याच पायाच्या आधारे १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नृत्य केले.

पाऊल कितीही चांगले असले, तरी सॉकेट नीट बसले नाही तर त्वचेला जखमा होतात. शस्त्रक्रियेनंतर पायाचा उरलेला भाग हळूहळू आकसतो आणि मुलांची वाढ चालू असते. म्हणून सॉकेट वेळोवेळी बदलावे लागते. शिबिरात एका दिवसात पाय बसवून घरी गेलेल्या, विशेषतः दूरच्या खेड्यातील रुग्णाला नेमकी हीच पुढची तपासणी, स्नायूंचे व्यायाम आणि चालण्याचा सराव मिळणे अवघड जाते.