टीडीएस कापला म्हणजे कर मिटला?

‘एफडीवर बँकेने टीडीएस कापलाय, आता कसला कर?’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि जुलैत रिटर्न भरताना खिसा कापतो. टीडीएस म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापून सरकारकडे भरलेला कर. पॅन दिलेला असेल तर बँक सरसकट 10 टक्के कापते. तुमचा स्लॅब तिला कुठून कळणार?

समजा, व्याज 80,000 रुपये. बँकेने कापले 8,000. तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, तर सेससह (करावरचा 4 टक्के उपकर) कर 24,960. म्हणजे 16,960 बाकीच! बाकी 10,000 किंवा जास्त असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर) भरावा लागतो, नाहीतर वर व्याजही. (व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे.) नोकरदारांनी व्याजाचा आकडा ऑफिसला आधीच कळवावा, पगारातूनच कर कापून घेता येतो.